निरोगी माणसांचं हॉस्पिटल

आमच्या लॉन्ड्रीत ज्या ठिकाणाहून सगळ्यात स्वच्छ कपडे धुवायला येतात, त्याला आम्ही बायका निरोगी माणसांचं हॉस्पिटल म्हणतो. त्याचं खरं नाव लांबलचक आहे आणि दारावर इतक्या बारीक अक्षरांत कोरलंय, की वाचायला आधी डोळे तपासून घ्यावे लागतील. आजारी माणसाला तिथे आत घेत नाहीत. कुणी नुसतं शिंकलं तरी दारावरचा माणूस अदबीने दुसरी तारीख देतो. तिथे धडधाकट माणसं येतात, दिवसभर मशीनखाली झोपतात, आपण धडधाकट आहोत असा कागद घेऊन घरी जातात आणि सहा महिन्यांनी पुन्हा येतात. मधल्या काळात धडधाकटपणा उतरला असला तर काय घ्या.

त्यांचे गाऊन, टॉवेल, चादरी आणायचं-पोचवायचं काम माझं. व्हॅन मीच चालवते. त्यांच्या गाऊनवर डाग असा नसतोच. फार तर कॉफीचा एखादा थेंब, ओठांचा रंग. दुसऱ्या, सरकारी हॉस्पिटलातून येणाऱ्या गाठोड्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, तुम्ही कदाचित जेवत असाल.

आमच्या घरात डॉक्टरकडे जायची वेगळी रीत आहे. आधी काही होत नाही म्हणायचं. मग होतंय पण कमी आहे म्हणायचं. मग शेजारणीला ज्या गोळीने बरं वाटलं ती घ्यायची, शेजारणीला काय झालं होतं ते न विचारता. शेवटी उभं राहता येईना की जायचं, आणि डॉक्टरने ‘इतके दिवस काय करत होता?’ विचारलं की मान खाली घालायची, जणू मधले दिवस आपण सहलीला गेलो होतो. आमचे हे गॅरेजमध्ये मेकॅनिक आहेत. गाडी लांब वळणावर असतानाच हे आवाजावरून सांगतात की हिचा पट्टा सैल झालाय. स्वतःच्या छातीतून जिना चढताना शिट्टी वाजते, ती मात्र ऐकू येत नाही. एकदा मी म्हटलं, गाडीसारखं स्वतःचंही सर्व्हिसिंग करा. तर म्हणाले, “गाडीला बोलता येत नाही म्हणून तपासावी लागते. मला काही झालं तर मी सांगेन ना.” लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी अजून आपल्याला भूक लागलीय याखेरीज काही सांगितलेलं नाही.

यांची मोठी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, नवऱ्याच्या माघारी आमच्याकडेच राहतात आणि माझ्याच लॉन्ड्रीत शिवणकाम बघतात. फाटलेलं, उसवलेलं, बटण तुटलेलं सगळं त्यांच्या टेबलावर जातं. हात सोन्याचा, जीभ कात्रीची. जन्मात एकदाच हॉस्पिटलात झोपल्या, भाच्याच्या उशाशी, आणि तेही खुर्चीत.

तर त्या निरोगी माणसांच्या हॉस्पिटलातून तक्रार आली, की गाऊनच्या नाड्या ऐन मशीनपाशी सुटतात आणि पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं. तिथे पेशंट म्हणत नाहीत, पाहुणे म्हणतात. आमचे मालक घाबरले. गिऱ्हाईक मोठं. म्हणाले, “दोघी जा, जागेवर बघा, जागेवर शिवा.”

वन्संची कामाची एक पद्धत आहे. त्या कपडा हातात धरून तपासत नाहीत, अंगात घालून तपासतात. वाकतात, हात वर करतात, मागे वळतात. “हँगरला लाज नसते,” म्हणतात, “त्याच्यावर सगळंच नीट दिसतं.” तशी त्यांनी त्या दिवशीही कपड्यांच्या खोलीत पडद्यामागे जाऊन वरचे कपडे उतरवले, सोनेरी काठाचा गाऊन चढवला आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये मोठा आरसा आहे, तिथे गेल्या. मी गाऊन मोजून कपाटात लावत बसले.

आता हे काठांचं सांगायला हवं. तिथे साध्या तपासणीला पांढरा काठ, मधल्या तपासणीला निळा आणि सगळ्यात वरच्या तपासणीला सोनेरी. काठ बघून कुणाला कुठे न्यायचं ते नर्सला कळतं. तोंडाने काही विचारायचं नाही हा तिथला मोठा नियम. पाहुणे शांतता विकत घ्यायला येतात. नर्सच्या पायात कापडी बूट, दरवाजे आवाज न करता मिटतात, कुणाचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही. नाव विचारणं म्हणजे ओळखलं नाही म्हणून अपमान.

गाऊन लावून झाले, मी डोकावले, तर आरशासमोर वन्सं नाहीत.

बऱ्याच वेळाने आल्या. चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचा भाव. “हात वर केला की डावी नाडी सुटते,” म्हणाल्या, “उजवी नाही सुटत. खालून टाका हवा.” आणि सुई-दोरा घेऊन बसल्या.

मी व्हॅनमध्ये विचारलं, “होतात कुठे?”

“त्या नर्सने नेलं. गुणी पोर, एक शब्द बोलली नाही. कोपराला धरलं आणि दाखवलं ना सगळं, नाड्या कुठे-कुठे सुटतात ते. आधी काट्यावर उभं केलं.”

“काट्यावर कशाला?”

“गाऊनचं वजन बघत असतील. मग एका खोलीत नेलं, तिथे ती मशीन. वहिनी, आपली कॉलरची प्रेस असते ना, अगदी तशी. फक्त गार. खांद्यावरून गाऊन उतरवला आणि एकेक बाजू ठेवली की दाबून.”

“काय ठेवली?”

वन्संनी खिडकीबाहेर बघितलं. “जे ठेवायचं तेच. आता मी काय तोंडाने सांगू? मला वाटलं, मोठ्यांची जागा, असेल काही रीत. तिथे कोण विचारणार?”

मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, “वन्सं, त्यांनी गाऊन नाही तपासला. तुम्हाला तपासलं. त्या मशीनवर बायकांच्या छातीचे फोटो काढतात, आत गाठबिठ आहे का बघायला.”

त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला. मग म्हणाल्या, “मला काही झालेलं नाही.”

“झालेलं नसतानाच काढतात.”

“म्हणजे दुखत नसताना दाबून दुखवायचं? आणि त्याचे पैसे?” एकदम दचकल्या. “आपल्याकडे मागतील का ग?”

कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. सांगितलं असतं तर त्या मुक्या नर्सची नोकरी गेली असती, आमची तर गेलीच असती. पण यांना सांगितल्याशिवाय वन्संना राहवेना. हे पोट धरून हसले. “अक्का, फुकटात टॉप मॉडेलचं सर्व्हिसिंग झालं तुझं.” आम्हीही हसलो. त्या आठवड्यात घरात कुणी गार भांडं उचललं तरी हसायचो.

पुढच्या आठवड्यात मी गाठोडी घेऊन गेले, तर कपड्यांच्या खोलीत टॉवेलच्या ढिगावर एक बाई रडत बसलेली. सोनेरी काठ. वय वन्संएवढंच असेल, फक्त तिचं ते कमी वापरलेलं. त्या सगळ्या इमारतीत मंद संगीत लावलेलं असतं, ते नसलेली तेवढी एकच खोली आहे.

मी एक ताजा टॉवेल पुढे केला. ती म्हणाली, “माझ्या फोटोत ठिपका निघालाय. गेल्या खेपेला काही नव्हतं. सहा महिन्यांत इतका बदल कसा, डॉक्टरांनाच कळत नाही. मी साखर खात नाही. मी तर गहूसुद्धा खात नाही.” आणि टॉवेलमध्ये तोंड घालून हुंदके द्यायला लागली. मग जरा सावरून म्हणाली, “गंमत म्हणजे मला ती मशीन आठवतच नाही. त्या दिवशी मी पायांच्या मसाजला बसले आणि झोपले. जागी झाले तेव्हा नर्स म्हणाली, सगळं झालं. मी म्हटलं, किती हलक्या हाताची माणसं.”

माझ्या हातातल्या गाऊनची घडी मोडली. ठिपका त्या बाईच्या नावावर होता आणि वन्संच्या छातीत होता. आणि वन्सं त्या क्षणी लॉन्ड्रीत बसून कुणाच्या तरी पँटची चेन बदलत होत्या.

मी सांगून टाकलं. वाट बघावी असं त्यात काही नव्हतं, समोर एक बाई न झालेल्या दुखण्याने रडत होती. सगळं ऐकून तिने मला मिठी मारली. खरी मिठी, हाडं लागली. मग हसली, मग पुन्हा रडली, मग नवऱ्याला फोन लावून म्हणाली, “अरे, माझा नाहीच तो, कपडेवालीचा आहे.” फोन ठेवल्यावर मात्र जिभेला चावल्यासारखं केलं. माझा हात धरून अगदी मनापासून म्हणाली, “तुमच्या नणंदेला सांगा, घाबरायचं नाही. इतक्या लवकर कळलं की काळजीचं काही नसतं. फक्त दर सहा महिन्यांनी तपासत राहायचं. आणि ताण घ्यायचा नाही.”

“सांगते,” मी म्हटलं.

दुपारी तिचा पुन्हा फोटो काढला. निर्मळ निघाला. निरोगी माणसांच्या हॉस्पिटलात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आवाज न करता. मशीनमध्ये धूळ होती असं ठरलं. मशीन पुसली. आणि ठिपका संपला. कुणाच्या तरी अंगात तो अजून असेल, हा प्रश्न धुळीबरोबर पुसला गेला.

मी मॅनेजरबाईंकडे गेले. त्या वाईट नाहीत, गाऊनवर सुरकुती असली तरी ‘प्लीज’ म्हणून सांगतात. म्हटलं, “तो पहिला फोटो माझ्या नणंदेचा आहे. मला द्या. सरकारी हॉस्पिटलात दाखवते.”

“कुठला फोटो?” त्या म्हणाल्या. मग दार लावून घेतलं. “हे बघा, तो पाहुण्यांच्या नावावर आहे. दुसऱ्याच्या तपासणीचा कागद मी बाहेर देऊ शकत नाही. गोपनीयता असते.”

“पण तो दुसऱ्याचा नाहीच ना.”

“नाव त्यांचं आहे.”

“मग नाव बदला.”

“तुमच्या नणंदेचं नाव घातलं, तर त्या आमच्या पाहुण्या नसताना मशीनपर्यंत गेल्याच कशा, हा प्रश्न येईल. त्यात तुम्हालाच त्रास.” आणि खरंच कळवळून म्हणाल्या, “तुम्ही त्यांचा नवीन फोटो काढून घ्या ना. सरकारी हॉस्पिटलात ही सोय असते.”

सोय असते. दुसऱ्याच दिवशी मी सोय बघून आले. खिडकीतल्या बाईने विचारलं, “गाठ हाताला लागते का? दुखतं? पाणी येतं?” मी म्हटलं, काहीच नाही. “मग आलात कशाला? तक्रार असलेल्यांचीच रांग जिन्यापर्यंत आहे. ज्यांना काही नाही त्यांची मशीन बंद आहे, दुरुस्तीचा माणूस येईल तेव्हा येईल. हां, कुठे फोटोत काही निघालं असेल तर तो आणा, मग थेट आतल्या खोलीत पाठवते.” म्हणजे ठिपका दाखवायला मशीन हवी, आणि मशीनपर्यंत जायला ठिपका हवा.

घरी वन्संचं वेगळंच. मी सगळं सांगितलं तर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “नाव तिचं आहे ना कागदावर? मग ठिपका तिचा.”

“वन्सं, तिला काही नाही. तिचा पुन्हा काढला.”

“पुसला म्हणालीस ना मशीन? मग गेला. कशाला उकरतेस? मला हाताला काही लागत नाही.” आणि ते म्हणताना त्यांचा हात नकळत तिथे गेला. तो त्यांनी लगेच मागे घेतला आणि भाजीत मीठ किती घातलंय यावरून माझ्याशी भांडण काढलं. मी भांडले. त्या संध्याकाळी आम्हाला दोघींनाही त्याची गरज होती. हे मात्र जेवता-जेवता थांबले. “अक्का, आवाज यायच्या आत पट्टा बदललेला बरा असतो,” एवढंच म्हणाले आणि ताटात बघत बसले.

पहाटे मी लॉन्ड्रीत गेले. निरोगी माणसांच्या हॉस्पिटलाचे गाऊन, तिन्ही काठांचे, एकूण एक, इस्त्री होऊन दोरीने बांधून तयार होते. ते सगळे मी पुन्हा मोठ्या मशीनमध्ये टाकले आणि पाणी सोडलं. मालकांना म्हटलं, “नाड्यांना मऊपणा नाही, पुन्हा धुवायला हवेत.” मालकांना मऊपणा म्हटलं की काही बोलता येत नाही. मग मी रिकाम्या हाताने तिथे गेले आणि कपड्यांच्या खोलीत बसले.

सकाळचे पाहुणे आले. गाऊन नाहीत. पाहुणे आपापल्या कपड्यांत पॅसेजमध्ये उभे राहिले, आणि तुम्हाला सांगते, त्या जागेचा चेहराच उतरला. कोण पांढरं, कोण निळं, कोण सोनेरी, नर्सना कळेना. विचारायची तर सवय नाही. एका नर्सने साध्या तपासणीच्या आजोबांना मसाजच्या खुर्चीत नेऊन बसवलं आणि ते उठायला तयार होईनात. सोनेरीतले एक गृहस्थ काट्याच्या रांगेत तिसरे उभे होते आणि रांग म्हणजे काय ते आयुष्यात पहिल्यांदा समजून घेत होते. शेवटी एक नर्स धीर करून म्हणाली, “आपलं नाव?” आणि पाठोपाठ सगळीकडे नावं विचारायला सुरुवात झाली. मासळी बाजारासारखा कालवा. मला तर बरं वाटलं, पहिल्यांदाच तिथे जिवंत माणसं असल्यासारखं.

मॅनेजरबाई धावत आल्या. “गाऊन कुठे आहेत?”

“भिजलेत.”

“कधी वाळतील?”

“तेच बघायला बसलेय. फोटो हातात पडला की ऊन चांगलं पडेल असं वाटतं.”

त्यांना समजायला जरा वेळ लागला. “तुम्ही मला धमकी देताय?”

“नाही बाई. मी कपडे धुते. धमकीला शिक्षण लागतं.” मग मी उठून उभी राहिले. म्हटलं, “माझ्या नणंदेच्या अंगात काय आहे ते तुमच्या कपाटात पडलंय. ते काढून द्या. तुमचं नाव कुठे घेणार नाही. वरचं नाव कापा, पाहुण्यांचं, तुमचं, सगळ्यांचं कापा. मला फक्त ठिपका द्या.”

बाहेर कुणीतरी मोठ्याने स्वतःचं आडनाव सांगत होतं, दुसऱ्यांदा, चिडून. मॅनेजरबाईंनी डोळे मिटले. मग आत गेल्या आणि पाकीट घेऊन आल्या. आतल्या फोटोवरची नावाची पट्टी कात्रीने कापलेली होती. हातात देताना हळूच म्हणाल्या, “डाव्या बाजूला आहे. लवकर जा. उगाच थांबू नका.” ते बोलताना त्या मॅनेजर नव्हत्या. मग पुन्हा झाल्या, आणि संध्याकाळी आमच्या मालकांना फोन करून म्हणाल्या, की व्हॅनवर दुसरी बाई पाठवा. मालकांनी मला आतल्या इस्त्रीवर टाकलं. तिथे उकडतं, पण पाय पसरून बसता येतं.

वन्संना घेऊन जायला मला खोटं बोलावं लागलं नाही. फोटो मी त्यांच्या शिवणाच्या टेबलावर ठेवला, खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. त्यांनी चष्मा लावला. कापडातला दोष शोधतात तसं वरून खाली बघत आल्या आणि एका जागी बोट ठेवलं. “हे काय?”

“तेच.”

“एवढंसं?”

“एवढंसं आहे तोवर उसवता येतं म्हणतात.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “चल मग,” म्हणाल्या. “पण तुझ्या नवऱ्याला सांग, भांडी त्याने घासायची.”

सरकारी हॉस्पिटलात खिडकीतल्या बाईने फोटो बघितला आणि खरोखरच थेट आतल्या खोलीत पाठवलं. आत एक तरुण डॉक्टरीण होती, केस विस्कटलेले, टेबलावर अर्धा चहा गार झालेला. तिने फोटो दिव्यावर लावला. वन्संना झोपवून तपासलं. सुईने नमुना घेतला. काही दिवसांनी पुन्हा बोलावलं तेव्हा खुर्ची ओढून आमच्यासमोर बसली, टेबलामागे नाही, आणि सांगितलं, की आहे ते वाईटच आहे, पण अगदी सुरुवातीला आहे. तेवढा भाग काढायचा, मग औषधं. बरं होईल असं ती छातीवर हात ठेवून सांगू शकते.

 मी रडले, आणि वन्संनी मला कोपराने ढोसलं.

डॉक्टरीण फोटो पाकिटात घालता-घालता थांबली. नावाची पट्टी कापलेल्या कडेवरून तिने बोट फिरवलं, पण त्याबद्दल काही विचारलं नाही. म्हणाली, “आजी, तुमच्या भागातून बायका येतात तेव्हा गाठ लिंबाएवढी झालेली असते. तुम्ही इतक्या लवकर तपासणी कशी केलीत? कुणी सांगितलं?”

“कुणी नाही,” वन्सं म्हणाल्या. “चुकून झाली.”

डॉक्टरीण हसली नाही. “इथे लवकर येणाऱ्या सगळ्या चुकूनच येतात,” म्हणाली, आणि ऑपरेशनची तारीख बघायला लागली. “पुढच्या सोमवारी जमेल?”

“सोमवारी कामं फार असतात,” वन्सं म्हणाल्या.

“वन्सं,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरीणबाईंकडे, मग आपल्या दोन्ही हातांकडे. “सोमवारी जमेल,” म्हणाल्या. “पण सकाळी लवकरचं द्या. दिवस वाया जात नाही.”